बिनलाकडाचं कुंपण

"शेंडा दिसतोय का गं?"

सुगलाकाकू खाली त्यांच्या परसात, धुण्याच्या दगडापाशी उभ्या होत्या. कपडे वाळत घालायची लांब काठी त्यांनी दोन्ही हातांनी सरळ उभी धरली होती आणि मान वर करून माझ्याकडे बघत होत्या. मी आमच्या मागच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभी होते.

"शेंडा दिसतोय, काकू. तुम्ही पण दिसताय. पायातल्या चपलासुद्धा दिसतायत."

"म्हणजे अजून उंच पाहिजे."

"उंच नको हो. काठी तुमच्या मागं धरलीय, मग मला तुम्ही दिसणारच की. काठी पुढं घ्या, दगडाच्या माझ्या बाजूला. हां. अजून चिकटून. आता बसा खाली."

काकू एका हाताने काठी सांभाळत दगडाशेजारी उकिडव्या बसल्या.

"आता काठीच्या जागी दाट झाड असतं तर तुम्ही दिसला नसता," मी म्हटलं. "झाड दगडाला जेवढं चिकटून लावाल तेवढं ठेंगणं चालेल. कंपाउंडच्या भिंतीला लावलंत तर नारळाएवढं लागेल."

"ठेंगणं म्हणजे किती?"

"तुम्ही हात वर केलात तर जेवढ्या व्हाल तेवढं. थोडं जास्तच धरा."

ब्लाउज शिवून शिवून माझ्या डोळ्यालाच टेप लागली आहे. बाई दारातून आत आली की मला आधी तिचा खांदा आणि छाती दिसते, चेहरा नंतर. पण त्या दिवशीचं माप जरा वेगळंच होतं. काकूंना आडोसा करायचा होता तो माझ्याच गॅलरीपासून. ज्याच्या नजरेआड व्हायचं त्यालाच माप विचारायचं, हे काकूंनाच जमावं. मला राग आला नाही, हसूच आलं.

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं झाली. मिरजेत रेल्वे लाइनीच्या पलीकडे आमची कॉलनी. आमच्या दुमजली घराच्या मागे हत्तरकींचं बैठं घर आणि दोघांच्या मध्ये त्यांचं परस. सुगलाकाकूंचे यजमान चन्नाप्पा हत्तरकी कोर्टात नाझर होते. त्यांना सगळी कॉलनी आप्पा म्हणायची आणि वचकूनही असायची. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, बाही मनगटापर्यंत, कापडाला इस्त्री अशी की नव्या नोटेनं लाजावं. आप्पांना बनियनवर पाहिलेला माणूस आमच्या कॉलनीत नव्हता. आवाज चढवताना तर कुणीच ऐकलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आप्पांना विसरायचा आजार जडला. सुरुवातीला चष्मा सापडेना, मग वार लक्षात राहीना, मग चौकातून घरी यायचा रस्ता. तरी कपडे तसेच. सकाळी काकू त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या पायरीवर खुर्चीत बसवत आणि आप्पा रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला नमस्कार करत. ओळख नसली तरी नमस्कार चुकायचा नाही.

मग एके दुपारी काकू माझ्याकडे वर आल्या. मी मशीनवर बसले होते. उजेड चांगला येतो म्हणून माझं मशीन तेव्हा मागच्या गॅलरीतच असायचं, तोंड त्यांच्या परसाकडे.

"हेमा, एक सांगू का? कुणाला बोलू नकोस," माझ्याकडे न बघता, मशीनच्या चाकाकडे बघत त्या म्हणाल्या. "यांना आता कपड्यांचं भान राहत नाही. न्हाणीत येत नाहीत. दगडावरच अंघोळीला बसतात आणि मग तसेच उठून परसभर फिरतात. अंगावर काही ठेवत नाहीत."

मला आप्पांची कीव आली. असा माणूस आणि शेवटी असा! त्याच संध्याकाळी मी मशीन फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. माझ्याच हाताची सावली टाक्यावर पडायची, डोळे ताणायचे, पण मी मान वळवली नाही. आपण किती सभ्य, असंही मनात यायचं, खोटं कशाला बोलू?

"मी तर बघतच नाही आता," काठीचं माप झाल्यावर मी वरून म्हणाले. "मग झाडांचा उपद्व्याप कशाला?"

काकूंनी हनुवटीने डावीकडे दाखवलं. तिथे नवी इमारत उठत होती. तिचे स्लॅब पडले होते, विटांचं काम चाललं होतं. दिवाळीला फ्लॅटमध्ये माणसं येणार, असं बिल्डर सगळ्यांना सांगत फिरत होता.

"तू मान फिरवलीस गं," काकू म्हणाल्या. "ती नवी माणसं कशाला फिरवतील?"

म्हणजे दिवाळीच्या आत आडोसा उभा राहायला हवा होता. नाहीतर आप्पांची आयुष्यभराची अब्रू गॅलरीत चहा पिणाऱ्या परक्या माणसांच्या तोंडी लागणार. मला ते पटलं. मी नर्सरीत बरोबर यायचं कबूल केलं.

मग काकू ती काठी घेऊन जिना चढून वर आल्या आणि दाराशी टेकवून म्हणाल्या, "ही तुझ्याकडंच राहू दे. आमची दोरी खाली आहे, हाताला येते."

चांगली गुळगुळीत वेताची काठी होती. मी खुशीत ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घ्यायला गेले तर आप्पा पायरीवर होते. मला बघून खुर्चीतून अर्धवट उठले.

"या, या. कुणाकडनं आलात?"

"आप्पा, मी हेमा. मागच्या घरातली."

"असं, असं. बसा. अगं, पाहुण्यांना पाणी आण," त्यांनी आत हाक दिली. इतकं नेमकं, इतकं मऊ बोलणं की यांना काही झालंय हे परक्याला कळलं नसतं.

काकूंनी फाटकाला बाहेरून कडी घातली. "तासभर बसतात," त्या म्हणाल्या, "रस्ता चालू असला म्हणजे बसतात."

नर्सरी कॅनॉलच्या कडेला होती. मालक मगदूम म्हणून एक गृहस्थ, पोट सुटलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गिऱ्हाईक झाड मागण्याआधी स्वतःच झाड ठरवून टाकायचं, अशी त्यांची पद्धत.

"आडोशाला पाहिजे? मग विचार कसला करताय, ताई? बांबू न्या. दिवाळीला तुम्हाला तुमचंच घर दिसायचं नाही."

"बांबू नको," काकू म्हणाल्या.

"सापाची भीती वाटती व्हय? अहो, साप काय बांबू बघून येतोय?"

"नको."

मगदूमनी मेंदी दाखवली. काकूंनी एक डहाळी बोटात धरून वाकवली. ती वाकली आणि सपकन सरळ झाली.

"नको. चिवट आहे."

"आता चिवट हाय म्हणूनच कुंपणाला लावत्यात की!" मगदूम माझ्याकडे बघून म्हणाले. मी खांदे उडवले.

मग अशोक झाला, कोयनेल झालं, तगर झाली. काकू प्रत्येक झाडाची फांदी वाकवून बघत. जास्वंदीची फांदी त्यांनी मोडलीच, पण ती तुटून हातात येईना, सालीला धरून लोंबत राहिली. मगदूमचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी म्हटलं, "काकू, साडीच्या दुकानात तरी इतका घोळ घालत नाही तुम्ही." त्या हसल्या नाहीत.

"हे बघा," मगदूम आम्हाला एका कोपऱ्यात घेऊन गेले. "निरगुडी. पाणी नको, खत नको. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पाला उकळून गुडघे शेकले तर दुखणं पळतंय. म्हातारी माणसं हायत न्हवं घरात?"

काकू त्या झाडाजवळ गेल्याच नाहीत. होत्या तिथून उलट मागे सरकल्या.

"ते दाखवूच नका."

"वास सोसत नाही का?" मी हळूच विचारलं.

"वास ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मी कण्हेर सुचवली. दाट होते, फुलंही येतात, गाव-रस्त्याला कुठेही दिसते. मगदूम म्हणाले, "लावा की, पण चिकाला जपा. विषारी असती. घरात लहान मूल, म्हातारं कुणी तोंडात घालणारं असलं तर नको." काकू त्या कण्हेरीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, घेतात आता.

"नको," शेवटी म्हणाल्या. "ते काहीही तोंडात घालतात."

माझे पाय दुखायला लागले होते. घरी दोन लग्नांचे ब्लाउज पडले होते. मगदूमनी टॉवेल सोडून तोंड पुसलं आणि परत गुंडाळला. "बाई, तुम्हाला पाहिजे तरी काय? एकदा सांगून टाका."

"लाकूड नसलेलं काय आहे?"

"काय नसलेलं?"

"लाकूड. ज्याचं लाकूडच होत नाही असं झाड."

"लाकूड नसलं तर ते झाड कसलं? भाजी म्हणायची तिला."

"मग भाजी द्या," काकू म्हणाल्या.

मगदूम मोठ्याने हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई चेष्टा करत नाही. ते आम्हाला पंपाजवळच्या ओल्या जागेकडे घेऊन गेले. तिथे केळीची पिल्लं होती, कर्दळीचे कंद रचून ठेवले होते, काही कर्दळी उभ्याही होत्या. काकूंनी कर्दळीच्या दांड्यात अंगठ्याचं नख रुतवलं. नख सहज आत गेलं आणि पाणी आलं. मग केळीच्या पानाचा दांडा त्यांनी मुठीत दाबून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं समाधान दिसलं.

"हे द्या. केळी मागं आणि कर्दळ पुढं. मोरीचं पाणी जातंच तिकडं."

"वारा आला की केळीच्या चिंध्या होत्यात," मगदूमनी बजावलं. "आणि घड काढला की ते झाड संपलं. मग म्हणू नका मगदूमनं फसवलं."

"बुडाला पिल्लं फुटतात की."

"फुटत्यात."

"मग झालं तर."

परतताना रिक्षात आमच्या पायाशी केळीची पिल्लं आणि मांडीवर कंदांचं पोतं. मी न राहवून विचारलं, "काकू, लाकडाचं आणि तुमचं काय वैर?"

"आता सगळं मऊच बरं, हेमा," त्या म्हणाल्या. मला वाटलं, म्हातारपणाचं बोलतायत. आप्पा पडले-झडले, झाडावर आपटले तर लागू नये म्हणून असेल. तसंच असणार, असं मी ठरवून टाकलं आणि विषय सोडला.

झाडं मात्र झपाट्याने वाढली. मोरीच्या पाण्यावर केळीला कधी आळस येत नाही. गौरी येईपर्यंत कर्दळ कमरेच्या वर गेली आणि तांबडी-पिवळी फुलं दिसायला लागली. दसऱ्याला केळीची पानं एकमेकांत अशी गुंतली की माझ्या गॅलरीतून धुण्याचा दगड दिसेनासा झाला. मी ठरवून एकदा खाली बघितलं. नुसतं हिरवं. माझं माप बरोबर आलं होतं. कॉलनीतल्या बायका फाटकाशी उभ्या राहून म्हणायच्या, "काकूंनी या वयात बागेची हौस काढली बघा."

आता बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून मी मशीन पुन्हा पूर्वीच्या जागी फिरवलं. उजेड समोरून यायला लागला. डोळ्यांना किती बरं वाटलं!

आणि मग माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. वारा पडलेला असताना केळीची पानं हलायची. सगळी नव्हे, दगडाजवळची तेवढी. थोडा वेळ हलायची आणि थांबायची. आप्पांची अंघोळ चालली असेल, म्हणून मी पायडल मारत राहायचे. एके दुपारी मशीनमध्ये दोरा तुटला, मी ओवायला थांबले आणि त्या शांततेत आवाज ऐकू आला. ओलं कापड दगडावर आपटावं तसा, पण एका लयीत. काकूंचं धुणं तर सकाळीच आटपतं. शिवाय दुसरा काहीच आवाज नाही, बोलणं नाही, पाण्याची धार नाही. मला वाटलं, आप्पा काहीतरी करून बसलेत आणि काकू घरात नाहीत. काकूंचा शिवून झालेला ब्लाउज तिथेच पडला होता, तेवढं निमित्त हातात घेऊन मी खाली उतरले आणि बाजूच्या बोळातून परसात गेले. कर्दळ हाताने बाजूला केली.

आप्पांच्या अंगावर सगळे कपडे होते. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. त्यांच्या हातात केळीच्या पानाचा दांडा होता, पान फाडून काढलेला. काकू दगडावर त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या आणि पातेलं घासत होत्या. आप्पा त्यांच्या पाठीवर तो दांडा मारत होते. रागाने नव्हे. गादी झटकावी तसं, मन लावून, एकामागून एक. काकूंचा घासायचा हात थांबत नव्हता.

मला बघून आप्पा थांबले. शर्ट खाली ओढून सारखा केला.

"या, या. कुणाकडनं आलात? अगं, पाहुण्यांना पाणी आण."

आणि काकू खरोखरच उठल्या, हात धुतले आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. मी तिथेच कर्दळीत उभी राहिले.

काकूंनी आप्पांना हाताला धरून पुढच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि परत आल्या. मी अजून उभीच.

"याने लागत नाही," त्या म्हणाल्या. "केळीचा दांडा गं. पाणीच असतं त्यात."

मला मगदूमच्या नर्सरीतल्या त्या सगळ्या वाकवलेल्या फांद्या आठवल्या आणि घरी दाराआड उभी असलेली ती वेताची काठी आठवली. "काकू, हे आजारामुळं का? आजार झाल्यापासून?"

"आजार आता झाला गं. जतला होतो तेव्हा कोर्टाच्या क्वार्टरला चारी बाजूंनी निरगुडीचं कुंपण होतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं." त्या परत दगडावर बसल्या आणि पातेलं पुढे ओढलं. "कोर्टातनं आले की हातपाय धुवायचे, शर्ट बदलायचे, दार लावायचे, खिडक्या लावायचे. मग त्या कुंपणाचा फोक. कधी आमटी खारट म्हणून, कधी काही नाही म्हणून. आवाज चढवला नाही कधी, मलाही काढू दिला नाही. शेजारची मुन्सफांची बायको म्हणायची, तुमच्या घरात किती शांतता असते हो."

"आणि आता?"

"आता दार लावायचं विसरतात. फरक एवढाच."

"पण तुम्ही तर मला सांगितलंत की ते अंगावर कपडे..."

"ते मी सांगितलं. दुसरं काय सांगणार होते? तू सभ्य बाई. ते ऐकून तू मान फिरवशील हे मला ठाऊक होतं."

इतके दिवस मी भिंतीकडे तोंड करून ब्लाउज शिवत होते आणि माझ्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, हे चाललं होतं. मला काकूंचा राग आला. खरंच आला.

"माझ्याकडं राहायला चला. आत्ता. उठा."

"आणि यांना कोण भरवणार? स्वतःच्या हाताने जेवत नाहीत ते."

"राजशेखरला बोलावून घ्या पुण्याहून. तुमचा मुलगा आहे तो."

"त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा म्हणायचा, बाबा थकून येतात, आई, समजून घे. परवा फोनवर म्हणाला, बाबा आजारी आहेत, आई, समजून घे."

"मग डॉक्टरना सांगू. गोळ्या असतात या आजारावर, शांत राहतात माणसं."

"डॉक्टरना काय सांगू? आजारामुळं मारतात म्हणू? ते खोटं. खरं सांगितलं तर विचारतील, बाई, एवढी वर्षं काय करत होता? त्याला माझ्याकडं उत्तर नाही, हेमा. म्हणून तर झाडं लावली. यांची अब्रू गेली तर गेली. पण मला कुणी ते विचारायला नको."

मी हातातला ब्लाउज त्यांच्याशेजारी ठेवला. काकू पातेलं पुन्हा घासायला लागल्या. ते मघाशीच लख्ख झालं होतं.

"माझं नाव विसरले," त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मला बाई म्हणतात. राजशेखरचा फोटो दाखवला तर साहेब कोण म्हणून विचारतात. जेवलो का नाही ते कळत नाही. मी म्हटलं, चला, हे पण विसरतील. वाट बघत होते बघ मी. सगळं गेलं आणि एवढंच राहिलं."

त्यानंतर मी जे करता येईल ते केलं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. राजशेखरला फोन केला, तर तो फार अदबीने म्हणाला, "ताई, तुमची काळजी कळते मला. पण आमच्या घरातलं आम्ही बघू." आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "म्हातारा माणूस, कळत नाही त्याला. तू कशाला मनाला लावून घेतेस?" मी म्हटलं, हे आजाराच्या आधीपासूनचं आहे. हे म्हणाले, "मग तर सवय झाली असेल त्यांना." त्या दिवशी मी ह्यांना जेवायला वाढलं नाही, पण त्याने काकूंचं काय भलं झालं?

पानं हलायला लागली की मी वरून मोठ्याने हाक मारायचे, "काकू, ओ काकू!" पानं थांबायची. काकू खालून "ओ" द्यायच्या. मग थोड्या दिवसांनी त्यांनीच मला सांगितलं, "हाक मारू नकोस गं. अर्धवट राहिलं की मग दिवसभर अस्वस्थ असतात. जेवत पण नाहीत." मी हाका मारणं बंद केलं. मशीनही पुढच्या खोलीत नेलं, आणि तिथे दिवसाही दिवा लावून बसायला लागले.

दिवाळीत नव्या इमारतीत माणसं राहायला आली. त्यांच्या गॅलऱ्यांमध्ये आकाशकंदील लागले. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तुमच्या मागं ती केळीची बाग कुणाची हो? काय गार वाटतं बघून." मी म्हटलं, "हत्तरकीकाकूंची." आणखी काय सांगणार?

माघात काकू गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. आप्पा शेजारी बसून "बाई, अहो बाई" म्हणून हाका मारत होते, असं दूधवाल्याने सांगितलं. डॉक्टर हृदयाचं म्हणाले.

राजशेखर आला. जतहून आप्पांची थोरली बहीण आली, तिला सगळे आक्का म्हणत. काकूंच्यात, म्हणजे लिंगायतांत, गेलेल्या माणसाला बसवून नेतात, त्यासाठी आधी अंघोळ घालायची होती. आक्का म्हणाल्या, परसातच घाला, तिथं आडोसा आहे. आम्ही बायकांनी काकूंना दगडाशेजारी पाटावर बसवलं. दोघींनी खांद्यांना धरलं. त्या नव्या इमारतीतल्या बाईही मदतीला आल्या होत्या. इकडे-तिकडे बघत त्या म्हणाल्या, "बरं झालं, काकूंनी ही झाडं लावली ते. नाहीतर सगळ्यांच्या गॅलऱ्यांतून दिसलं असतं."

काकूंच्या अंगात मी शिवलेलाच ब्लाउज होता. एवढ्या वर्षांत त्यांनी मला अंगावरून माप कधी घेऊ दिलं नव्हतं. जुना ब्लाउज मापाला पाठवायच्या आणि पाठ बंद गळ्याची शिव, म्हणायच्या. आता तो ब्लाउज निघेना म्हणून कात्रीने कापायचं काम माझ्याकडे आलं. मी मागून कापला आणि दोन्ही बाजू सोडल्या.

पाठीवर आडव्या-तिडव्या पांढुरक्या रेघा होत्या. काही बारीक, काही जाड, एकमेकींवर चढलेल्या. ओलं, ताजं, निळं असं काहीच नव्हतं. सगळं फार जुनं होतं, आप्पांचं डोकं शाबूत होतं तेव्हाचं. पाच-सहा बायका होतो आम्ही. सगळ्यांना दिसलं. एकीनेही दुसरीच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"पाठ राहू दे," आक्का म्हणाल्या. "पुढनंच पाणी घाला."

"असं कसं, आक्का? पाठ नको धुवायला?" मी म्हटलं.

"मी सांगते ना. राहू दे."

पुढून आप्पांचा आवाज येत होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते या, बसा म्हणत होते. त्यांची बटणं आज कुणीतरी दुसऱ्याने लावली असणार. कुणी पुरुष त्यांचं सांत्वन करत होता. "फार सेवा केली हो काकूंनी तुमची. अशी बाई मिळायला नशीब लागतं."

मी घंगाळातून तांब्या भरला आणि काकूंच्या पाठीवर पाणी घातलं. कोमट होतं. तळहाताने सगळी पाठ चोळली, मानेपासून खालपर्यंत, सावकाश. कुणी मला अडवलं नाही. नव्या इमारतीतल्या बाई कर्दळीच्या फुलांकडे बघत होत्या.

"झालं का हो?" झाडांपलीकडून राजशेखरने विचारलं.

आक्कांनी कोरं लुगडं उलगडलं, काकूंच्या पाठीवरून दोनदा घट्ट गुंडाळलं आणि पदर खांद्यावर नीट बसवला.

"झालं," त्या म्हणाल्या. "या आता. काही दिसत नाही."